युद्ध संपल्यावर निर्वासितांनी घरी परतायचे कसे? ग्वाटेमालातील चर्चने दिलेले उत्तर

सशस्त्र संघर्ष थांबून करारावर सह्या झाल्या की त्या देशाचे नाव हळूहळू बातम्यांतून नाहीसे होते. गाव सोडून पळालेल्या माणसापुढचे प्रश्न मात्र तेव्हाच सुरू होतात. माझी जमीन आता कोण कसत आहे? माझ्या भावाला ज्यांनी घरातून ओढून नेले, ते अजून त्याच गावात राहतात का? सरकारदरबारी माझी नोंद नागरिक म्हणून आहे की बंडखोरांचा साथीदार म्हणून? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणीही शहाणा माणूस मुलाबाळांना घेऊन परतीच्या वाटेला लागत नाही, आणि ही उत्तरे देण्याची घाई सरकारला क्वचितच असते. जगात अनेक ठिकाणी हे काम ख्रिस्ती चर्चने अंगावर घेतले आहे. ते प्रत्यक्षात कसे चालते, त्यात चर्चची ताकद कशात असते आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, हे समजून घ्यायचे असेल तर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालासारखे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

निर्वासितांचे संरक्षण आणि न्यायाची मागणी ही आपल्याला सहसा दोन वेगळी कामे वाटतात. पहिले काम दयेचे, म्हणजे तंबू, धान्य आणि औषधे पुरवण्याचे. दुसरे वकिलांचे आणि न्यायालयांचे. ग्वाटेमालातील चर्चने ही दोन कामे एकच मानली आणि त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. माणूस ज्या भीतीमुळे पळाला ती भीती कोणी निर्माण केली हे उघडपणे नोंदवले गेले नाही, तर ती भीती गावात तशीच राहते आणि परतलेला माणूस पुन्हा तिच्याच तावडीत सापडतो.

गावे का रिकामी झाली

ग्वाटेमाला क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा मूळनिवासी माया समाजांचा असून त्यांच्या वीसहून अधिक भाषा आजही बोलल्या जातात. जमीन मात्र मोजक्या घराण्यांच्या आणि एका अमेरिकी फळकंपनीच्या हाती एकवटलेली होती. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये पडीक जमीन भूमिहीनांना देणारा कायदा केला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या पाठबळाने त्यांचे सरकार उलथवले गेले आणि वाटलेली बहुतेक जमीन परत काढून घेण्यात आली. १९६० पासून लष्कर आणि डाव्या गनिमी संघटना यांच्यात जो संघर्ष पेटला, तो २९ डिसेंबर १९९६ च्या शांतता कराराने संपला.

या छत्तीस वर्षांतला सर्वांत भीषण काळ १९८१ ते १९८३ हा होता. गनिमांना आधार मिळू नये म्हणून लष्कराने माया डोंगराळ भागात दग्धभू धोरण राबवले. घरे, उभे मक्याचे पीक आणि साठवलेले धान्य जाळले गेले, गुरे मारली गेली आणि अनेक ठिकाणी अख्ख्या गावाची कत्तल करण्यात आली. याबरोबर आणखी एक गोष्ट घडली, जी निर्वासितांच्या परतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गावातल्या पुरुषांना सक्तीने नागरी गस्तीपथकांत भरती करण्यात आले, आणि या पथकांतील माणसांची संख्या एका टप्प्यावर सुमारे नऊ लाखांपर्यंत पोहोचली होती. म्हणजे शेजाऱ्यालाच शेजाऱ्यावर पाळत ठेवायला आणि अनेकदा त्याला मारायला भाग पाडले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २५ फेब्रुवारी १९९९ रोजी आपला अहवाल सादर केला. या संघर्षात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा आयोगाचा अंदाज आहे. पूर्ण ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, आणि नोंदवलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी लष्करावर व त्याच्याशी संलग्न पथकांवर होती. देशातल्या देशात किंवा सीमेपलीकडे विस्थापित झालेल्यांची संख्या पाच लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितली जाते. या आकड्यांतला फरकच सांगतो की पळालेल्यांची मोजदाद करायला कोणी जागेवर नव्हते.

चर्च यात कुठून आले

ग्वाटेमालाचे कॅथलिक चर्च मुळात बंडखोर नव्हते. राजधानीचे आर्चबिशप कार्डिनल मारिओ कासारिएगो १९८३ मध्ये निधन होईपर्यंत लष्करी राज्यकर्त्यांच्या जवळचे मानले जात. बदल खालून आला. पाद्री अतिशय कमी आणि गावे डोंगरात विखुरलेली, त्यामुळे गावोगावच्या माया स्त्री-पुरुषांना धर्मशिक्षक म्हणून तयार केले गेले. हे लोक वाचायला-लिहायला शिकले, सभा चालवायला शिकले, सहकारी संस्थांचे हिशेब ठेवू लागले. मेक्सिकोच्या सीमेलगत इश्कान नावाच्या जंगलपट्टीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेरीनोल संघाच्या पाद्र्यांनी भूमिहीन कुटुंबांना घेऊन सहकारी वसाहती वसवल्या. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आणि १९६८ च्या मेडेयिन येथील लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेनंतर गरिबांच्या बाजूने उभे राहणे हा धर्माचाच भाग आहे, हा विचार पक्का होत गेला. लष्कराच्या नजरेत मात्र वाचता येणारा, लोकांना एकत्र आणणारा, सहकारी संस्था चालवणारा माया धर्मशिक्षक म्हणजे गनिमांचा हस्तकच होता.

याची सर्वाधिक झळ एल किचे या धर्मप्रांताला, म्हणजे एका बिशपाच्या अखत्यारीतल्या प्रदेशाला, बसली. तिथे १९७४ पासून हुआन होसे गेरार्दी हे बिशप होते. त्याआधी वेरापास धर्मप्रांतात असताना त्यांनी माया भाषांतून उपासना व्हावी यासाठी प्रयत्न केले होते. १९८० च्या जून-जुलैमध्ये त्यांच्या धर्मप्रांतातील दोन स्पॅनिश पाद्री मारले गेले, अनेक धर्मशिक्षकांचे बळी गेले आणि खुद्द बिशपांच्या जिवालाही धोका निर्माण झाला. तेव्हा गेरार्दी यांनी अख्खा धर्मप्रांत बंद करण्याचा निर्णय घेतला. पाद्री आणि भगिनी बाहेर पडल्या, चर्चला कुलपे लागली. बिशपाने आपल्या माणसांना सोडून जाणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि गेरार्दी यांच्या मनातूनही तो कधी गेला नाही असे त्यांच्याजवळचे लोक सांगत. नंतर रोमहून परतताना त्यांना स्वतःच्याच देशात प्रवेश नाकारण्यात आला आणि काही वर्षे कोस्टा रिकामध्ये काढावी लागली. निर्वासितांच्या प्रश्नाकडे पाहणारा हा बिशप स्वतः निर्वासित राहिलेला होता, ही गोष्ट पुढचे सगळे समजून घेताना लक्षात ठेवावी.

पाद्री गेल्यावर गावात उरले ते धर्मशिक्षकच. २३ एप्रिल २०२१ रोजी कॅथलिक चर्चने किचेच्या ज्या दहा हुतात्म्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, त्यांत तीन पाद्री आणि सात सामान्य गावकरी आहेत. त्यांच्यातला सर्वांत लहान बारा वर्षांचा मुलगा होता.

सीमेपलीकडचा धर्मप्रांत

१९८१ पासून दीड-दोन लाख माणसे सीमा ओलांडून मेक्सिकोत, मुख्यतः चियापास राज्यात शिरली. इथे कायद्याचा मुद्दा समजून घ्यायला हवा. १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार असे सांगतो की ज्या माणसाला त्याच्या देशात छळाची सार्थ भीती आहे, त्याला जबरदस्तीने परत पाठवता येत नाही. मेक्सिकोने हा करार २००० मध्ये स्वीकारला. त्या काळी तो त्याला बांधील नव्हता. (भारताने तो करार आजही स्वीकारलेला नाही, म्हणून हा मुद्दा आपल्याला परका वाटू नये.) कायद्याचा आधार नसताना निर्वासिताचे काय होईल, हे बहुतांशी स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरते. सुरुवातीच्या महिन्यांत मेक्सिकोने अनेकांना परत ढकललेही.

चियापासमधील सॅन क्रिस्टोबाल दे लास कासास या धर्मप्रांताचे बिशप सामुएल रुइस १९६० पासून तिथल्या माया शेतकऱ्यांमध्ये काम करत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या भाषा समजत आणि काही ठिकाणी त्यांच्यात नातीगोतीही होती. रुइस यांच्या धर्मप्रांताने सरकारी परवानगीची वाट न पाहता मका, घोंगड्या आणि औषधे पोहोचवायला सुरुवात केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आलेल्यांची नावे, गावे आणि ते का पळाले हे लिहून घेतले जाऊ लागले. मदतीच्या यादीतले हे साधे टिपण पुढे साक्षीपुरावा ठरले. जेझुइट संघाचे मानववंशशास्त्रज्ञ फादर रिकार्दो फाया यांनी छावण्यांत फिरून इश्कानमधील कत्तलींची गाववार माहिती गोळा केली. नंतर त्यांनी जंगलात लपून राहिलेल्या ग्वाटेमालन वस्त्यांत काही वर्षे त्यांच्यासोबत राहून काम केले.

ग्वाटेमालाचे सैन्य सीमा ओलांडूनही हल्ले करत होते. एप्रिल १९८४ मध्ये चुपादेरो या छावणीवर झालेल्या हल्ल्यात सहा निर्वासित मारले गेले. यानंतर मेक्सिको सरकारने छावण्या सीमेपासून दूर कांपेचे आणि किंताना रू या राज्यांत हलवायचे ठरवले आणि सुमारे अठरा हजार लोक तिकडे गेले. चियापासच्या धर्मप्रांताने या सक्तीच्या स्थलांतराला विरोध केला. जे जायला तयार नव्हते त्यांची मदत तोडली जाऊ नये असा त्याचा आग्रह होता. सरकार लोकांच्या सुरक्षिततेचे कारण देत होते आणि ते पूर्ण खोटे नव्हते. पण निर्वासिताला कुठे राहायचे हे विचारायचेच नाही, ही पद्धत चर्चला मान्य नव्हती. अधिकृत दर्जा मिळालेल्यांची संख्या सुमारे ४६,००० होती. बाकीचे शेतमजुरांत मिसळून गेले.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, कोलंबियातील कार्ताहेना येथे एक जाहीरनामा मंजूर झाला. त्यात निर्वासिताची व्याख्या रुंदावून सर्वदूर पसरलेली हिंसा, अंतर्गत संघर्ष किंवा मोठ्या प्रमाणावर मानवी हक्कांचे उल्लंघन यांमुळे पळालेल्यांचाही समावेश करण्यात आला. व्यक्तिशः माझाच छळ झाला हे सिद्ध करण्याचे ओझे त्यामुळे हलके झाले.

अमेरिकेत चित्र वेगळे होते. तिथे पोहोचलेल्या ग्वाटेमालन आणि साल्वाडोरन लोकांपैकी १९८४ मध्ये तीन टक्क्यांनाही आश्रय मिळाला नाही, कारण ज्या सरकारांपासून ते पळाले होते ती अमेरिकेची मित्रसरकारे होती. २४ मार्च १९८२ रोजी ॲरिझोनातील टूसॉन शहरात पास्टर जॉन फाइफ यांच्या प्रेस्बिटेरियन चर्चने उघड घोषणा केली की आम्ही या लोकांना आमच्या वास्तूत आसरा देणार. काही वर्षांतच शेकडो मंडळ्या या चळवळीत उतरल्या. सरकारने खटले भरले आणि १९८६ मध्ये फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले, पण कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. दुसरीकडे चर्चच्या संघटनांनीच सरकारवर दावा लावला होता. त्यात १९९१ मध्ये झालेल्या तडजोडीने नाकारलेल्या हजारो अर्जांची पुन्हा सुनावणी होण्याची वाट मोकळी केली. आश्रय देण्याबरोबरच न्यायालयात जाण्याची हीच जोड टूसॉनमध्येही दिसते.

अटी घालून परतणे

सरकारने बोलावले म्हणून निर्वासित परतत नाहीत. ते अटी घालतात. ग्वाटेमालन निर्वासितांनी छावण्यांतून आपले प्रतिनिधी निवडून स्थायी समित्या नेमल्या आणि सरकारशी थेट बोलणी केली. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी झालेल्या करारात त्यांच्या सहा अटी मान्य झाल्या. परतणे ऐच्छिक आणि सामूहिक असेल. संघटना करण्याचे स्वातंत्र्य असेल. देशी-परदेशी सोबती बरोबर राहू शकतील. देशात आणि देशाबाहेर मुक्तपणे फिरता येईल. जिवाची आणि समाजाची सुरक्षितता राखली जाईल. आणि जमीन मिळेल. या बोलण्यांत साक्षीदार आणि सल्लागार म्हणून काही देशांच्या दूतावासांबरोबर जागतिक चर्च परिषदही होती. स्वतः सरकार आणि गनीम यांच्यातील बोलण्यांनाही चर्चचाच हात लागलेला होता. मार्च १९९० मध्ये ऑस्लोत झालेली पहिली भेट लुथरन वर्ल्ड फेडरेशनने घडवून आणली, आणि पुढे काही वर्षे बिशप रोदोल्फो केसादा तोरुन्यो यांनी मध्यस्थाचे काम केले.

या सहा अटींपैकी सोबतीची अट वाचताना साधी वाटते, पण सगळ्यांत जास्त काम तिने केले. चर्च आणि स्वयंसेवी संस्थांचे परदेशी स्वयंसेवक परतणाऱ्यांच्या बसमध्ये बसत आणि नव्या वसाहतीत महिनोन्‌महिने राहत. त्यांच्याकडे शस्त्र नव्हते आणि कुठला अधिकारही नव्हता. परदेशी पारपत्र असलेला माणूस पाहत आहे, उद्या तो आपल्या देशाच्या दूतावासाला कळवेल, एवढ्यानेच स्थानिक कमांडर विचारात पडत असे.

२० जानेवारी १९९३ रोजी सुमारे अडीच हजार लोकांचा पहिला तांडा बसमधून निघाला. सरकारला तो थेट आणि गुपचूप इश्कानला जावा असे वाटत होते. निर्वासितांनी पॅन-अमेरिकन महामार्गाने राजधानीतून जाण्याचा आग्रह धरला आणि तो तडीस नेला, कारण आपण चोरासारखे पळून गेलेलो नाही हे त्यांना देशाला दाखवायचे होते. ज्या ठिकाणी ते पोहोचले त्या वसाहतीला त्यांनी निघाल्याच्या तारखेचे नाव दिले.

अटी कागदावर मान्य होणे आणि प्रत्यक्षात पाळल्या जाणे यांतले अंतर ५ ऑक्टोबर १९९५ रोजी दिसले. आल्ता वेरापासमधील शामान येथे करारातल्या आठ ऑक्टोबरचे नाव घेऊन वसवलेल्या वसाहतीत लोक कराराच्या वर्धापनदिनाची तयारी करत होते. तिथे लष्कराची गस्त शिरली आणि तिच्या गोळीबारात अकरा परतलेले निर्वासित ठार झाले. संरक्षणमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. दहा वर्षांपूर्वी अशा घटनेची बातमीही बाहेर आली नसती. तरीही त्या अकरा जणांना 'परतलेले लोक म्हणजे गनीम' या जुन्या समजुतीनेच मारले, असे मला वाटते. ही समजूत मोडायची तर भूतकाळात काय घडले ते अधिकृतपणे आणि नावानिशी लिहिले जाणे आवश्यक होते.

आठवणींची नोंद

इथे गेरार्दी पुन्हा येतात. १९८३ नंतर आर्चबिशप झालेल्या प्रोस्पेरो पेनादोस यांनी राजधानीत आर्चबिशपांचे मानवाधिकार कार्यालय उघडले होते, आणि गेरार्दी आता सहायक बिशप म्हणून त्याचे प्रमुख होते. १९९४ मध्ये सरकार व गनीम यांच्यात सत्यशोधन आयोगाबाबत जो करार झाला, त्यात आयोगाने कोणा व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करायची नाही आणि त्याच्या निष्कर्षांना न्यायालयीन परिणाम नसतील, असे घालून दिले होते. पीडितांच्या संघटनांची त्यामुळे फार निराशा झाली. आयोगाचे हात बांधलेले असतील तर आपणच आधी कामाला लागावे, असे चर्चने ठरवले. १९९५ मध्ये 'ऐतिहासिक स्मृती पुनःप्राप्ती' हा आंतरधर्मप्रांतीय प्रकल्प सुरू झाला.

त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. सुमारे सहाशे गावकऱ्यांना, त्यांत बहुतेक धर्मशिक्षक, जबानी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. ते चालत वाड्यावस्त्यांवर गेले आणि टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून मोजके प्रश्न विचारू लागले. काय घडले, केव्हा, कुठे, कोण जबाबदार होते, त्याचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, तुम्ही त्याला कसे तोंड दिले, असे का घडले असे तुम्हाला वाटते, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून काय करायला हवे. शेवटचे तीन-चार प्रश्न पोलिसी तपासात कधीच विचारले जात नाहीत. या प्रश्नांमुळे सांगणारी बाई बळीबरोबरच साक्षीदार आणि विचार करणारी नागरिकही ठरली, आणि मला तरी या प्रकल्पाचे खरे मोठेपण या प्रश्नांच्या निवडीत दिसते. पाच हजारांहून अधिक जबान्या गोळा झाल्या. त्यांतल्या साठ टक्क्यांच्या आसपास माया भाषांत होत्या. बहुतेकांनी ही हकीकत तोवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. विचारणारा माणूस त्यांच्याच भाषेचा होता, त्याच चर्चमध्ये येणारा होता, म्हणून ते बोलले. राजधानीतून आलेल्या सरकारी चमूला हे ऐकायला मिळाले नसते.

२४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये गेरार्दी यांनी चार खंडांचा अहवाल जाहीर केला. पन्नास हजारांहून अधिक बळींची नोंद त्यात होती आणि अत्याचारांपैकी सुमारे ९० टक्के लष्कर व त्याच्या संलग्न पथकांच्या नावावर होते. गनिमांचे गुन्हेही त्यात वगळलेले नव्हते. वेगळा देश घडवायचा असेल तर ही वाट धोक्याची आहे, हे त्यांनी त्या भाषणातच सांगितले. दोन दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, सॅन सेबास्तियान चर्चच्या निवासस्थानाच्या गॅरेजमध्ये काँक्रीटच्या तुकड्याने ठेचून त्यांचा खून करण्यात आला.

त्यांच्या जागी मानवाधिकार कार्यालयाचे प्रमुख झाले बिशप मारिओ रिओस मोंट. १९८२-८३ मध्ये कत्तली शिगेला पोहोचल्या तेव्हा देशाचा कारभार ज्यांच्या हाती होता, त्या जनरल एफ्राइन रिओस मोंट यांचे ते सख्खे भाऊ. जनरल स्वतः एका इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) पंथात गेले होते आणि दर रविवारी दूरचित्रवाणीवरून देशाला नीतीचे पाठ देत असत. 'चर्चने निर्वासितांची बाजू घेतली' हे वाक्य म्हणून मोजूनमापून वापरले पाहिजे. बायबल दोन्हीकडे वाचले जात होते. काही इव्हँजेलिकल मंडळ्यांनी लष्कराच्या छायेत सुरक्षितता शोधली, काही इव्हँजेलिकल पास्टर मारले गेले, आणि कॅथलिक बिशपांतही सगळे सारखे धीट नव्हते.

न्यायालयापर्यंत

गेरार्दी यांच्या खुनाचा तपास सुरुवातीपासून भरकटवला गेला. चर्चकडे मात्र एक कायदेशीर साधन होते. ग्वाटेमालाच्या कायद्यानुसार पीडित पक्ष सरकारी वकिलाबरोबर सहफिर्यादी म्हणून खटल्यात उतरू शकतो, पुरावे मागू शकतो, साक्षीदारांची उलटतपासणी करू शकतो. आर्चबिशपांचे मानवाधिकार कार्यालय तसे उतरले आणि त्याच्या तरुण वकिलांनी स्वतंत्र तपास केला. खटला चालू असताना साक्षीदार आणि एक सरकारी वकील धमक्यांमुळे देश सोडून गेले. सुनावणीच्या आदल्या दिवसांत न्यायाधीश यास्मिन बार्रियोस यांच्या घरावर हातबॉम्ब टाकले गेले. जून २००१ मध्ये एक निवृत्त कर्नल, त्यांचा कॅप्टन मुलगा, राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षापथकातील एक माजी सैनिक आणि गेरार्दी यांच्याच निवासस्थानी राहणारा एक पाद्री असे चौघे दोषी ठरले. इतक्या वरच्या लष्करी अधिकाऱ्याला अशा गुन्ह्यासाठी नागरी न्यायालयाने शिक्षा द्यावी, हे त्या देशात नवीन होते.

सामूहिक कत्तलींच्या खटल्यांना आणखी वेळ लागला. डिसेंबर १९९६ च्या समेट कायद्याने राजकीय गुन्ह्यांना माफी दिली, पण वंशसंहार, छळ आणि माणसे बेपत्ता करणे हे गुन्हे त्यातून वगळले. ही छोटी तरतूद पीडितांच्या संघटनांनी आणि चर्चने आग्रह धरल्यामुळे टिकली, आणि पुढचे सगळे खटले तिच्यावर उभे राहिले. चर्चने गोळा केलेल्या जबान्यांमुळे पुरलेल्या जागा कळल्या. न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी त्या उकरल्या, हाडांची ओळख पटवली आणि नातेवाइकांच्या स्वाधीन केली. १० मे २०१३ रोजी, गेरार्दी खटला चालवणाऱ्या त्याच बार्रियोस यांच्या न्यायपीठाने जनरल रिओस मोंट यांना माया लोकांपैकी इशिल समाजाच्या वंशसंहारासाठी आणि मानवतेविरोधी गुन्ह्यांसाठी ऐंशी वर्षांची शिक्षा सुनावली. दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. पुन्हा सुनावणी पूर्ण होण्याआधी, १ एप्रिल २०१८ रोजी, ते वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या न्यायालयाने इशिलांचा वंशसंहार झाल्याचे मान्य केले, परंतु समोर असलेल्या आरोपीला निर्दोष सोडले.

हा न्याय अपुरा आहे, यात शंका नाही. जमिनीचा प्रश्नही अर्धाच सुटला. परतलेल्यांना अनेकदा कर्जावर जमीन मिळाली, आणि काहींच्या मूळ जमिनीवर लष्कराने वसवलेली दुसरी गरीब कुटुंबे राहत होती, म्हणजे दोन पीडितांमध्येच वाद लागला. मेक्सिकोत जन्मलेली मुले धरून १९९९ च्या मध्यापर्यंत चाळीस हजारांहून अधिक लोक परतले होते आणि वीस हजारांहून अधिक जण मेक्सिकोतच स्थायिक झाले. परत न जाणे हाही त्यांचा हक्क आहे, ही भूमिका चियापासच्या धर्मप्रांताने कायम ठेवली, आणि ती योग्य होती. निर्वासिताला परत पाठवणे म्हणजे शांतता आली, असे सरकारांना सांगायला आवडते. माणसाला निवड करता येणे ही त्याची खरी कसोटी आहे.

राजधानीच्या कॅथेड्रलसमोरच्या बारा खांबांवर आज त्या अहवालातील बळींची नावे कोरलेली आहेत. मेक्सिकोतील ताबास्को राज्यात, ग्वाटेमालाच्या सीमेजवळच्या तेनोसिके गावी, फ्रान्सिस्कन संघाने २०११ मध्ये 'ला सेतेंता ई दोस' हे आश्रयगृह सुरू केले. त्या नावाचा अर्थ बहात्तर, म्हणजे ऑगस्ट २०१० मध्ये मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात एकाच वेळी मारलेल्या बहात्तर स्थलांतरितांची संख्या. तिथे येणाऱ्यांत टोळ्यांच्या हिंसेमुळे पळालेले अनेक लोक असतात. त्यांना जेवण आणि झोपायला जागा मिळते, आश्रयाचा अर्ज भरून दिला जातो, आणि वाटेत कोणी लुटले, पळवले किंवा अत्याचार केला असेल तर त्याची तक्रारही नोंदवून घेतली जाते.